मिसूरीची एक रात्र आणि डेलिगेटचं गणित

५ फेब्रुवारी २००८. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात दोन्ही मोठ्या पक्षांची प्रायमरी, म्हणजे अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, एकाच दिवशी होती. डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामा हे हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा दीड टक्क्याहूनही कमी फरकाने पुढे राहिले. रिपब्लिकन पक्षात जॉन मॅकेन हे माइक हकबी यांच्या पुढे राहिले, तेही जवळपास तेवढ्याच फरकाने. निकाल लागला तेव्हा ओबामांच्या पदरात ३६ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात मत देणारे प्रतिनिधी) पडले आणि क्लिंटन यांच्याही पदरात ३६च. मॅकेन यांना मात्र त्या राज्यातले सगळेच्या सगळे ५८ मिळाले. हकबी आणि त्यांच्या पाठोपाठ तिसरे आलेले मिट रॉम्नी यांच्या हाती काहीच लागलं नाही.

राज्य एक, दिवस एक, फरकही सारखा. तरी एका पक्षात बरोबरी आणि दुसऱ्या पक्षात एकतर्फी विजय. याचं उत्तर पक्षांच्या नियमावलीत आहे.

आपल्याकडे दर चार वर्षांनी ‘अमुक उमेदवाराने तमुक राज्य जिंकलं’ अशा बातम्या येतात आणि मग एखादा उमेदवार इतकी राज्यं जिंकूनही मागे कसा, असा प्रश्न पडतो. या शर्यतीत ‘राज्य जिंकलं’ या शब्दांची किंमत ठिकाणागणिक बदलते. २०२८ च्या निवडणुकीत तर अमेरिकी घटनेच्या २२ व्या दुरुस्तीमुळे डोनाल्ड ट्रम्प पुन्हा उभे राहू शकणार नाहीत, त्यामुळे दोन्ही पक्षांत गर्दी होण्याची दाट शक्यता आहे. गर्दी जितकी मोठी, तितके हे नियम जास्त बोलतात.

आधी तीन शब्द

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्यासाठी घेतलेली निवडणूक. आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. तिकडे अध्यक्षपदाच्या तिकिटासाठी सामान्य मतदार रांगेत उभा राहतो. कॉकस हा याच कामाचा दुसरा मार्ग. त्यात ठरलेल्या वेळी सभेला हजर राहून कौल द्यायचा असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि माणसं कमी येतात.

डेलिगेट म्हणजे पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात राज्याच्या वतीने मत देणारा प्रतिनिधी. प्रायमरीतला मतदार एका नावापुढे खूण करतो खरा, पण त्या मतांवरून त्या राज्यातले डेलिगेट कोणाच्या बाजूने बांधले जाणार एवढंच ठरतं. उमेदवारी मिळते ती डेलिगेटांच्या बहुमतावर. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे एकूण २,४२९ डेलिगेट होते, म्हणजे जिंकायला १,२१५ हवे होते. सगळ्या राज्यांतली मतं एकत्र मोजून कोणालाही उमेदवारी मिळत नाही.

म्हणजे खरा प्रश्न एकच: मतांचं डेलिगेटमध्ये रूपांतर कसं करायचं?

आंब्यांची पेटी आणि तीन घरं

समजा एका वाड्यातल्या तीन घरांनी मिळून हापूसची पेटी आणली. पहिल्या घराने ४० रुपये घातले, दुसऱ्याने ३५ आणि तिसऱ्याने २५. आता आंबे वाटायचे कसे?

एक पद्धत अशी की ज्याने जितके पैसे घातले तितके आंबे त्याला. हे प्रमाणशीर वाटप. डेमोक्रॅटिक पक्ष सगळ्या राज्यांत हीच पद्धत वापरतो. दुसरी पद्धत अशी की सगळ्यात जास्त पैसे ज्याने घातले, पेटी त्याची. चाळीसवाला अख्खी पेटी घेऊन जाईल आणि उरलेल्या साठ रुपयांचा एकही आंबा मिळणार नाही. ही ‘विजेत्याला सगळं’ पद्धत, आणि रिपब्लिकन पक्षाची अनेक राज्यं ती वापरतात. मिसूरीत २००८ मध्ये तेच झालं: मॅकेन यांना साधारण ३३ टक्के मतं होती, म्हणजे दर तिघांतल्या दोघांनी त्यांना मत दिलं नव्हतं, तरी पेटी त्यांची.

या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच तडजोडी आहेत. काही राज्यांत प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाची (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद) वेगळी छोटी पेटी असते आणि तिथला विजेता ती घेतो. काही ठिकाणी ‘कोणी निम्म्याहून जास्त मतं घेतली तर त्याला सगळं, नाहीतर प्रमाणात’ असा नियम असतो. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्याच २००८ सालात या फरकाचा देशभर काय परिणाम झाला पाहा. मॅकेन यांनी ४ मार्चलाच आवश्यक आकडा गाठला. ओबामा आणि क्लिंटन जूनपर्यंत लढत राहिले. डेमोक्रॅट नेते जास्त भांडखोर होते म्हणून ती लढत लांबली असं मला वाटत नाही. त्यांच्या नियमात हरणाऱ्यालाही बरंच काही मिळत राहतं, म्हणून ती लांबली.

आयडाहोची पेनसिल्व्हेनियाशी बरोबरी

प्रमाणशीर वाटपात कोण जिंकलं यापेक्षा किती फरकाने जिंकलं हे महत्त्वाचं ठरतं. एवढी एक गोष्ट ज्याला कळली त्याला २००८ ची अख्खी लढत कळली.

आयडाहो हे डोंगराळ, कमी वस्तीचं आणि पक्कं रिपब्लिकन राज्य. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत डेमोक्रॅट तिथे जिंकण्याची आशाही धरत नाहीत. पण पक्षांतर्गत लढतीत त्या राज्यालाही डेलिगेट असतात. ओबामांनी कॉकसच्या तीन दिवस आधी तिथल्या बॉइझी शहरात सभा घेतली. कॉकसला सुमारे २१ हजार माणसं आली आणि ओबामांनी १८ पैकी १५ डेलिगेट नेले. क्लिंटन यांना ३ मिळाले. निव्वळ आघाडी १२ ची.

एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी झाली. महिनाभर प्रचाराचा धुरळा, देशभरातल्या वाहिन्यांचे कॅमेरे, २३ लाखांवर मतदार. क्लिंटन नऊ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. डेलिगेट पडले ८५ आणि ७३. निव्वळ आघाडी? १२ ची.

२३ लाख मतदारांच्या राज्यातला गाजलेला विजय आणि २१ हजार लोकांच्या सभांमधला फारसा कोणी न पाहिलेला विजय, दोन्ही हिशेबात सारखे. फेब्रुवारीत ओबामांनी सलग ११ लढती जिंकल्या, त्यातल्या अनेक मोठ्या फरकाने. त्यानंतर क्लिंटन यांनी ओहायोसारखं मोठं राज्य जिंकलं, पण तिथेही वाटणी झाली ७४ आणि ६७ अशी. मागे पडलेल्या उमेदवाराला प्रमाणशीर वाटपात नुसतं जिंकून चालत नाही, धुव्वा उडवावा लागतो. ओबामांच्या प्रचारातल्या हिशेबनिसांनी हे आधीच ओळखलं होतं. माझ्या मते त्यांच्या भाषणांइतकंच श्रेय या कंटाळवाण्या आकडेमोडीला द्यायला हवं.

चार आणि पाच यांत एवढा फरक का?

डेलिगेट कापता येत नाही. अडीच डेलिगेट कोणाला देता येत नाहीत, पूर्णांकच करावा लागतो. (अपवाद आहे: २००८ मध्येच फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी ठरवून दिलेल्या तारखेच्या आधी प्रायमरी घेतली म्हणून त्यांच्या डेलिगेटांना मे महिन्यात प्रत्येकी अर्धंच मत देण्याचा निर्णय झाला होता. पुढे अधिवेशनात ते पूर्ण केलं गेलं.)

डेमोक्रॅट पक्षात बहुतेक डेलिगेट छोट्या मतदारसंघांच्या पातळीवर वाटले जातात. समजा एका मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत आणि एका उमेदवाराने ६० विरुद्ध ४० अशी सरळ मात केली. गणिताने त्याचे २.४ होतात, दुसऱ्याचे १.६. पूर्णांक केला की २ आणि २. साठ टक्के मिळवूनही बरोबरी! तिसरा डेलिगेट हवा असेल तर साडेबासष्ट टक्क्यांपर्यंत जावं लागतं.

आता शेजारच्या मतदारसंघाला ५ डेलिगेट आहेत. तिथे ५१ विरुद्ध ४९ झालं तरी वाटणी ३ आणि २. सम संख्येच्या ठिकाणी दहा सभा घेऊन हाती काही लागत नाही आणि विषम संख्येच्या ठिकाणी थोडक्या मतांनी एक डेलिगेट जास्त मिळतो.

नेवाडात २००८ साली हेच घडलं. कॉकसमध्ये क्लिंटन पुढे होत्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांनाच विजयी म्हटलं. पण त्यांचा जोर लास व्हेगसच्या परिसरात होता, तिथल्या सम आकड्यांची निम्मीनिम्मी वाटणी झाली. ओबामांना ग्रामीण उत्तरेकडे साथ मिळाली, तिथे आकडा विषम होता. राष्ट्रीय डेलिगेट मोजले तेव्हा ओबामा १३, क्लिंटन १२.

रिपब्लिकन पक्षात आणखी एक गंमत आहे. तिथे प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाला सरसकट ३ डेलिगेट मिळतात, मग तिथे पक्षाचे मतदार लाखभर असोत की काही हजार. न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्ससारख्या भागात रिपब्लिकन मतदार हाताच्या बोटांवर मोजावेत असे. पण त्या मोजक्यांच्या मताला ग्रामीण मतदारसंघातल्या रिपब्लिकन मतापेक्षा कितीतरी पट वजन येतं.

पंधरा टक्क्यांचा उंबरठा

डेमोक्रॅटांचं वाटप प्रमाणशीर असलं तरी त्याला एक दार आहे आणि दाराला उंबरठा आहे. १५ टक्क्यांच्या खाली मतं मिळाली तर डेलिगेट शून्य. आंब्यांच्या भाषेत, ज्याने शंभरातले चौदा रुपये घातले त्याला एकही आंबा नाही आणि त्याचा वाटा इतरांत वाटला जातो.

२०२० ची न्यू हॅम्पशायरची प्रायमरी आठवा. बर्नी सँडर्स जवळपास २६ टक्के, पीट बुटिजज २४, एमी क्लोबुचर २०. एलिझाबेथ वॉरन नऊच्या आसपास, जो बायडन साडेआठसुद्धा नाही. वाटणी झाली ९, ९ आणि ६. पहिला आणि दुसरा सारखेच, आणि पुढे अध्यक्ष झालेल्या माणसाला भोपळा. जवळपास ३० टक्के मतं अशा उमेदवारांना पडली होती ज्यांना एकही डेलिगेट मिळाला नाही.

यातून पुढचा प्रसंग समजतो. २९ फेब्रुवारीला बायडन यांनी साउथ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकलं आणि ३ मार्चला चौदा राज्यांत मतदान होतं. मधल्या दोन दिवसांत बुटिजज आणि क्लोबुचर दोघेही शर्यतीतून बाहेर पडले आणि त्यांनी बायडन यांना पाठिंबा दिला. बातम्यांत याची चर्चा पक्षनिष्ठा आणि पडद्यामागच्या फोनाफोनीची झाली. पण उंबरठ्याचं गणितही पाहा. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तीन-चार मध्यममार्गी उमेदवार बारा-तेरा टक्क्यांवर अडकले असते तर सगळ्यांना शून्य आणि सँडर्स यांना त्यांच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त डेलिगेट मिळाले असते. बायडन उंबरठा ओलांडून आत आल्यामुळे कॅलिफोर्निया हरूनही त्यांना तिथून १७२ डेलिगेट मिळाले. सँडर्स यांना २२५.

काही रिपब्लिकन राज्यांत हा उंबरठा २० टक्क्यांचा असतो. २०१६ मध्ये मार्को रुबियो यांना एकाच दिवशी टेक्ससमध्ये सतरा-अठरा, अलाबामात अठरा-एकोणीस आणि व्हरमाँटमध्ये एकोणीस टक्क्यांच्या पुढे मतं मिळाली. तिन्ही ठिकाणी राज्यपातळीच्या उंबरठ्यावर ठेच लागली. टेक्ससमध्ये १५५ पैकी टेड क्रूझ यांना १०४, ट्रम्प यांना ४८ आणि रुबियो यांना ३.

मग ट्रम्प यांना नियमांनीच उमेदवार केलं का?

हा आक्षेप २०१६ पासून वारंवार ऐकू येतो, आणि त्यात अर्धं तथ्य आहे.

त्या वर्षी आयोवात, जिथे वाटप प्रमाणशीर होतं, क्रूझ यांना ८, ट्रम्प यांना ७ आणि रुबियो यांना ७ डेलिगेट मिळाले. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली. रुबियो आणि क्रूझ प्रत्येकी बावीस टक्क्यांच्या थोडे वर होते. नियम असा की राज्यातला विजेता २९ घेतो आणि सातपैकी प्रत्येक मतदारसंघाचा विजेता ३. ट्रम्प सातही मतदारसंघांत पहिले आले. ५० पैकी ५०. पुढे फ्लोरिडात साधारण ४६ टक्के मतांवर ९९ पैकी ९९.

विरोधक विभागलेले असताना ‘विजेत्याला सगळं’ हा नियम सगळ्यात मोठ्या अल्पमताला बहुमताचं रूप देतो. आपल्या विधानसभेच्या तिरंगी-चौरंगी लढतींत हे आपण नेहमी पाहतो, त्यामुळे मराठी वाचकाला ते वेगळं सांगायला नको. पण हा नियम आघाडी निर्माण करत नाही, असलेली आघाडी फुगवतो. सगळीकडे प्रमाणशीर वाटप असतं तरी ट्रम्प पहिल्याच क्रमांकावर असते. आवश्यक १,२३७ चा आकडा अधिवेशनाआधी गाठणं मात्र फार अवघड गेलं असतं. आणि त्याच नियमाने ओहायोत जॉन केसिक यांना सगळे ६६ दिले, हेही विसरायला नको.

सरळ एकूण मतं का मोजत नाहीत?

कारण ती एका मापाची नसतात. कॉकसमध्ये हजार माणसं येतात तिथे प्रायमरीत दहा हजार येऊ शकतात. २००८ मध्ये मिशिगनच्या मतपत्रिकेवर ओबामांचं नावच नव्हतं, कारण तारखेच्या वादामुळे त्यांनी ते मागे घेतलं होतं. क्लिंटन यांचं होतं. मग तिथली मतं धरायची कशी?

शिवाय राज्यं एकापाठोपाठ एक मतदान करतात. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मोठ्या संख्येने राहणाऱ्या भारतीय मतदारांचंच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये तिथली प्रायमरी ४ जूनला होती, आणि बायडन व ट्रम्प या दोघांनीही आवश्यक आकडा १२ मार्चलाच ओलांडला होता. आयोवाचा किंवा न्यू हॅम्पशायरचा मतदार उमेदवारांना घरच्या अंगणात प्रश्न विचारतो आणि एडिसनचा मतदार निकाल लागल्यावर मत देतो, हे मला या व्यवस्थेतलं सगळ्यात खटकणारं अंग वाटतं. वाटपाच्या नियमांची चर्चा तरी होते, रांगेतल्या जागेची होत नाही.

डेलिगेट ऐनवेळी फिरले तर?

बहुतेक डेलिगेट अधिवेशनातल्या मतदानाच्या पहिल्या फेरीपुरते बांधलेले असतात. पण ती शेवटी माणसं आहेत, आणि त्याचा उपयोग २०२४ मध्ये दिसला. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा त्यांच्यासाठी निवडलेले जवळपास ३,९०० डेलिगेट मोकळे झाले. पुन्हा देशभर प्रायमरी घेणं अशक्य होतं. त्याच डेलिगेटांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान करून कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली.

डेमोक्रॅट पक्षात आणखी एक वर्ग आहे: निवडणुकीशिवाय, पदामुळे डेलिगेट झालेले नेते. लोक त्यांना सुपरडेलिगेट म्हणतात. पक्षाचा प्रत्येक काँग्रेस सदस्य त्यात येतो. बेळगावात वाढलेले मराठी भाषक श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनचे काँग्रेस सदस्य आहेत, म्हणजे नियमाने तेही त्यात आले. २०१६ मध्ये सँडर्स यांच्या समर्थकांनी या वर्गावर कडाडून टीका केली, आणि २०१८ मध्ये नियम बदलला: लढत अटीतटीची असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही. हा बदल योग्यच होता असं मला वाटतं.

हे नियम ठरवतं कोण?

राष्ट्रीय पक्ष चौकट आखतो, राज्यशाखा तपशील भरते आणि तारीख बऱ्याचदा राज्य सरकारचा कायदा ठरवतो. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅट उमेदवारी मिळाली आणि शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर रक्त सांडलं. आजची प्रायमरीकेंद्री व्यवस्था त्यानंतरच्या सुधारणांतून आली. डेमोक्रॅटांनी सगळीकडे एकच माप ठेवलं. रिपब्लिकनांनी राज्यांना मोकळीक दिली. २०२४ साठी अट एवढीच की १५ मार्चच्या आधी मतदान करणाऱ्या राज्यांनी, सुरुवातीची काही राज्यं सोडून, वाटप प्रमाणशीर ठेवावं.

या अटीला एक खिडकी आहे: ‘निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर सगळं त्याचं’ हा नियमही प्रमाणशीर धरला जातो. जुलै २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या रिपब्लिकन शाखेने हाच नियम स्वीकारला. मतदान सात महिने दूर होतं आणि जनमत पाहण्यांत ट्रम्प स्पष्टपणे पुढे होते. त्या दिवशी राज्यातले १६९ डेलिगेट जवळपास ठरूनच गेले. नियम आधी छापलेले होते, सगळ्यांना माहीत होते, म्हणून याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण प्रचाराच्या सभांपेक्षा अशा बैठकांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. रिपब्लिकन शाखांना २०२४ चे नियम १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत कळवायचे होते. २०२८ चे असेच कागद २०२७ मध्ये तयार होतील.

२०२४ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात लढलेल्या भारतीय वंशाच्या निकी हेली यांच्या वाट्याला काय आलं ते यावरून पाहा. न्यू हॅम्पशायरमध्ये त्या हरल्या, ४३ टक्के मतं, आणि २२ पैकी ९ डेलिगेट. महिन्याभराने साउथ कॅरोलायनात, म्हणजे जिथे त्या गव्हर्नर होत्या त्या घरच्या राज्यात, जवळपास ४० टक्के मतं आणि ५० पैकी ३ डेलिगेट. तेही एका मतदारसंघात पहिल्या आल्या म्हणून. ५ मार्चला मॅसॅच्युसेट्समध्ये ३७ टक्के मतं, पण ट्रम्प यांनी पन्नाशी ओलांडली होती, म्हणून ४० पैकी शून्य.

त्याच दिवशी शेजारच्या व्हरमाँटमध्ये हेली जिंकल्या. तिथेही पन्नाशीचाच नियम होता. त्या पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली राहिल्या, त्यामुळे १७ डेलिगेट एकट्या त्यांना न मिळता ९ आणि ८ असे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रचार थांबवला.